हळू चालणाऱ्या गाडीतले शनिवार

“चुकीच्या फ्युनरलला आलेत बहुतेक,” देशपांडे काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या. “बाजूच्या हॉलमध्ये असेल त्यांचं कुणीतरी.”

काका, तुम्ही तेव्हा आत होतात, निखिलने निवडलेल्या निळ्या सुटात, गुलाबाच्या पाकळ्यांखाली. बाहेर पार्किंग लॉटमध्ये तीन गाड्या एकामागून एक आल्या. एक जांभळी, एक हिरवी आणि एक बेटोची, पिकलेल्या डाळिंबाच्या रंगाची. इतक्या हळू आल्या की सगळ्यांनी आपापली बोलणी थांबवून काचेतून बाहेर पाहिलं. तिघी ओळीने थांबल्या आणि तिघींनी एकदम पोट जमिनीला टेकवलं. तो नमस्कार होता. लॉबीतल्या एवढ्या माणसांत ते फक्त मला कळलं.

बेटो हॅट हातात धरून दारात आला. मागे तुमच्या गाड्यांच्या क्लबची चार माणसं, इस्त्रीचे पांढरे शर्ट, वरती क्लबची काळी जॅकेटं. निखिल पुढे झाला. तुमच्या मुलाचे मॅनर्स चांगलेच आहेत. त्याने अगदी हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं की तुमची काहीतरी चूक होतेय, इथे फक्त घरची माणसं आहेत. बेटोने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या बुटांना पार्किंगमधलं एक ओलं पान चिकटलं होतं, मी ते पाहत राहिले. बेटो म्हणाला, “अवर मिस्टेक. सॉरी फॉर युअर लॉस.” आणि ते गेले. तुमचं गुपित त्यानेही पाळलं. फरक एवढाच, की त्याने ते तुमच्यासाठी पाळलं आणि मी भीतीपोटी.

दुसऱ्या दिवशी मावशीने लायब्ररीला फोन केला. दर शनिवारी तुम्ही तिथे म्हाताऱ्या माणसांना कम्प्युटर शिकवता असं ती सहा वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत आली होती. त्यांना कळवायला हवं, कुणी वाट बघत बसायला नको, म्हणून फोन. पलीकडच्या बाईने दोनदा यादी पाहिली आणि फार गोड आवाजात सांगितलं की या नावाचं कुणी व्हॉलंटिअर आमच्याकडे कधीच नव्हतं. मावशीने “थँक यू सो मच” म्हणून फोन ठेवला. मग ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

संध्याकाळी तिने मला विचारलं, “इशू, शनिवारी त्यांच्या हातांना संत्र्याचा वास यायचा. तुला कधी आला?”

“नाही गं,” मी म्हणाले.

“मला वाटायचं लायब्ररीतलं सॅनिटायझर असेल. कसली बावळट मी. पर्फ्युम होतं ते कुणाचं तरी.”

काका, ग्रीस काढायचा तो केशरी साबण! बेटोच्या शेडमधल्या सिंकवर ठेवलेला, हात खरखरीत करणारा. मी एका वाक्यात सांगू शकले असते. ते वाक्य घशाशी आलं, आणि त्याच्या मागे दुसरं उभं होतं: मग तुला कसं माहीत? तिच्या घरात राहून, तिच्या हातची पोळी खाऊन, दोन वर्षं दर शनिवारी मी तिच्याशी खोटं बोलले होते. माझं ‘जिम’ आणि तुमची ‘लायब्ररी’ एकाच दिशेला होती म्हणून आपण एकाच गाडीतून जायचो. मावशी आपल्याला डबे द्यायची.

मी बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत गेले. त्या खोलीची खिडकी जमिनीच्या पातळीवर आहे, बाहेरचं जग मला घोट्यापर्यंतच दिसतं. नोकरी व्हिसाला बांधलेली, व्हिसा नोकरीला, घर तुमचं, आणि आता तुमचं गुपितही माझ्या गळ्यात. वर मावशी चालत होती. तिच्या पावलांवरून ती कुठल्या खोलीत आहे ते मला कळायचं. ती कपाटापाशी जायची, थांबायची, परत यायची. तुमचे खिसे तपासत होती.

तिला सांगायचंच झालं तर कसं सांगायचं, याची मी तालीम करायचे. मावशी, लोरायडर नावाची एक गोष्ट असते. जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी घ्यायची. तिला इतकी खाली आणायची की रस्ता तिच्या पोटाला लागेल. डिकीत बॅटऱ्या आणि पंप बसवायचे, म्हणजे एक बटण दाबलं की ती वर उठते, वाकते, एक पाय उचलून उभी राहते. रंगाचे थरावर थर द्यायचे, नुसतं पाहिलं तरी जिभेला गोड लागेल असा रंग यायला हवा. आणि मग तिला शक्य तितक्या हळू चालवायचं. बास. एवढंच. इथे माझी तालीम थांबायची, कारण पुढे मावशी काय विचारेल ते मला ऐकू यायचं. ‘हे मला का नाही सांगितलं त्यांनी?’

मलाही तुम्ही सांगितलं नव्हतंतच. मी पकडलं. माझ्या ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशी, फोर-ओ-फाइव्ह हायवेवर, गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला आणि तुम्ही चुकून उचललात. “हे श्री, तुझे पंप आले!” तुम्ही घाईने बंद केलात. दोन एक्झिट मागे गेल्या. मग तुम्ही विचारलंत, “भूक लागली आहे का तुला?” टेस्टमध्ये मी नापास झाले, तुम्ही मला साउथ पार्क वस्तीत एका फूड ट्रकवर टाको खायला घातलेत, आणि मग बेटोच्या मागच्या अंगणातल्या शेडचं दार वर सरकवलंत.

तुमची गाडी तेव्हा नुसता सांगाडा होती. तुम्ही तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलंत ती नजर मी घरात कधी पाहिली नव्हती. घरी तुम्ही राखाडी सेडान चालवणारे, कूपन कापणारे, कुणाच्याही पार्टीतून साडेनऊला निघणारे काका.

“हिची सुरुवात कशी झाली?” मी विचारलं.

“एकदा एअरपोर्टवरून येताना चुकीची एक्झिट घेतली,” तुम्ही म्हणालात. “यांच्या रांगेत सापडलो. दहा मैलांच्या स्पीडने चाललेले. मागून सगळे हॉर्न वाजवतायत आणि हे हात हलवतायत! मी पण अडकलो. ईशा, मी एकोणीस वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढली. नोकरी बदलायची नाही, पोलिसांचं तिकीट लागू द्यायचं नाही, नवीन सोफा नको, उद्या परत जावं लागलं तर. हळू जाणं मला कुणी शिकवायला नको. पण हौसेने हळू जाणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांच्या मागोमाग पार्कपर्यंत गेलो.”

बेटो बस डेपोतून रिटायर झालेला मेकॅनिक. त्याने तुम्हाला पहिले तीन महिने फक्त क्रोम पुसायला लावलं. कंपनीत चाळीस माणसं तुमच्या हाताखाली, आणि इथे तो म्हणायचा, “श्री, तू या बंपरला घाबरतोस. घाबरू नकोस, तो तुला फायर करणार नाही.”

दसऱ्याची पूजा आठवते? गाडी रंगून आली होती, मोरपिशी. तुम्ही हळद-कुंकू, नारळ, लिंबं घेऊन आलात. कुंकवाचं बोट बॉनेटकडे गेलं आणि रंगारी, तो बेटोचा भाचा, असा ओरडला की मला वाटलं आग लागली. रंगाला बोट लावायचं नाही! मग तुम्ही काचेवर स्वस्तिक काढायला निघालात आणि मी तुमचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाचा हात असा धरला असेल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग समोर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलंत, आणि निमूट ‘श्री’ लिहिलंत. बेटोला वाटलं तुम्ही स्वतःचं नाव लिहिलं. “गुड,” तो म्हणाला, “साइन युअर वर्क.” आपण दोघांनीही त्याला सुधारलं नाही. नंतर तुम्ही बटण दाबून पुढचं एक चाक हवेत उचललंत, मी खाली लिंबू ठेवलं आणि तुम्ही चाक सोडलंत. लिंबाचा रस रंगाऱ्याच्या बुटांवर उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात क्लबच्या दुसऱ्या एकाची गाडी रंगून आली तर तो लिंबं घेऊनच आला होता.

निखिलच्या वाढदिवसाची गोष्ट क्लबच्या लोकांना तुम्ही किती वेळा सांगितलीत. त्याने त्या दिवसापुरती पिवळी इटालियन स्पोर्ट्स कार भाड्याने घेतली होती. दोनच सीट, म्हणून मावशी आणि मी घरासमोरच्या फुटपाथवर. शनिवारी सकाळी बेलव्ह्यूच्या डाउनटाउनमध्ये तशा दहा-बारा गाड्या मॉलच्या बाहेर उभ्या असतातच, पोरं फोन काढून शूट करत असतात. निखिल म्हणाला, “डॅड, झीरो टू सिक्स्टी इन थ्री सेकंड्स!” तुम्ही विचारलंत, “आणि मग?” मग लाल सिग्नल. त्या रस्त्यावर पंचवीसची मर्यादा, दर शंभर पावलांवर सिग्नल, पुढे बस. गाडी पिंजऱ्यातल्या वाघासारखी गुरगुरत होती आणि सायकलवाले पुढे जात होते. आपल्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरपाशी निखिलने एक बटण दाबलं. गाडीचं नाक जरासं वर उचललं गेलं, खाली घासू नये म्हणून. तुम्ही गंभीर चेहऱ्याने विचारलंत, “किती उचलते?” “टू इंचेस, डॅड. इट्स अ प्रीमियम फीचर.” तुम्ही काचेतून माझ्याकडे पाहिलंत. मला तिथून पळून जाऊन हसावं लागलं. बेटोच्या गाडीचं नाक माझ्या छातीपर्यंत येतं.

पण काका, निखिलवर मी हसले तरी तुमचं मला पूर्ण पटलं नव्हतं. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

“दोन्ही दिखावाच आहे,” मी म्हणाले होते. “त्याची गाडी रस्त्यावर धावू शकत नाही आणि तुमची धावायलाच नाही. लोकांनी बघावं म्हणूनच ना?”

“दिखावाच!” तुम्ही अजिबात चिडला नाहीत. “पण त्याची गाडी बघणाऱ्याला मागे टाकून जाते. आमची त्याच्यासाठी थांबते. आणि ती तयार मिळते गं. पैसे टाकले की झालं. पुढे ऑइल बदलायचं तरी कंपनीचाच माणूस लागतो, मालकाने बॉनेट उघडून आत बघायचंसुद्धा नाही. हिचा प्रत्येक स्क्रू मला ओळखतो.”

“पण ही पण स्वस्त नाही. तुम्ही एकदा बटण दाबून ती उडवता आणि काहीतरी तुटतं. आणि सहा वर्षांचे शनिवार?”

“ते मला महाग नाही पडले.”

त्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. मी लगेच उत्तरं देत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते तीन महिन्यांनी आलं.

त्याआधी एक गोष्ट मला तुमच्यापाशी कबूल करायची आहे, जी मी तेव्हा मुद्दाम लपवली, कारण मग तुम्ही वाद जिंकला असतात. मला त्या गाडीत बसायला फार आवडायचं. माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी बोलायच्या आधी वाक्य तीनदा मनात म्हणते, तोवर विषय बदललेला असतो. पण तुमच्या मागच्या सीटवर बसून त्या लांब रस्त्याने जाताना अख्खी गल्ली बघत असायची आणि माझ्याकडे कुणीच नाही. सगळे गाडीकडे. मला हवं तितकं त्यांना पाहता यायचं. दारात बसलेल्या आज्या, न्हाव्याच्या दुकानातून ॲप्रनसकट बाहेर आलेला माणूस, खांद्यावर लेकरू उचलून धरणारे बाप. कुणीही घाईत नाही. इथे आल्यापासून मी ज्या प्रत्येक रस्त्याने गेले त्यावर मी कुणाच्या तरी वाटेत होते. त्या गाडीत बसल्यावर आपणच सगळ्यांची वाट अडवलेली असायची आणि लोक हात हलवायचे.

हे तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी शेवटच्या त्या शनिवारी मी काय बोलले?

तुम्ही बंपर पुसत होतात. बेटो बॅटरीच्या वायरी बघत होता. मी म्हणाले, “मावशीने कुठे उभं राहून बघायचं?”

“म्हणजे?”

“तुमची गाडी बघणाऱ्यासाठी थांबते ना. मावशीसाठी कुठे थांबते? परवा ती तुम्हाला लायब्ररीत न्यायला तिळाचे लाडू बांधत होती, सीनिअर लोकांसाठी. आपण ते इथे बसून खाल्ले.”

तुम्ही फडकं घडी केलंत. “पूर्ण झाली की सांगणार आहे. अर्धवट दाखवली तर ती म्हणेल, हे काय भंगार.”

“बेटो, ही कधी पूर्ण होणार?” मी इंग्रजीत विचारलं.

बेटो हसला. “पूर्ण? माझी बावीस वर्षं चालू आहे.”

तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, “ईशा, तू मला घाबरायचीस तेच बरं होतं.”

तुम्ही ते गमतीत म्हणालात की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तेवढं एक वाक्य मला परत ऐकायला मिळालं असतं तर मी ठरवलं असतं. त्यानंतरचे तीन शनिवार मी खरंच जिमला गेले. तुम्ही दर वेळी बेसमेंटच्या जिन्यातून विचारायचात, “येतेस?” आणि मी म्हणायचे, “आज नको.” तिसऱ्यांदा तुम्ही जरा जास्त वेळ थांबलात. मी हेडफोन घातले. नंतरच्या गुरुवारी सकाळी तुम्ही बूट घालायला वाकलात ते उठलाच नाहीत.

तुमच्यावर राग आहे माझा. तुम्ही मजा केलीत आणि पहारा मला दिलात. पण रागावले की लगेच ते टाको आठवतात, आणि टेस्टमध्ये नापास झालेल्या मला “पुढच्या वेळी एवढी घाई करू नकोस” म्हणणारा एकमेव माणूस आठवतो.

तेरावा झाला. पाहुणे गेले. काल रविवारी सकाळी निखिल सॅन होजेला परत जायच्या तयारीत होता, बॅग दाराशी. मी कॉफी घ्यायला वर आले तर मावशी आणि तो किचन टेबलाशी, मध्ये तुमचा फोन. निखिलने तो कसातरी उघडला होता.

“दर शुक्रवारी,” मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ आहे का विचारावं तसा. “दर शुक्रवारी एकाच नंबरला फोन. नाव नाही, नुसतं ‘बी’. लाव.”

“मॉम, डोन्ट डू धिस. काय फरक पडतो आता?”

“तुला नसेल पडत. तेहतीस वर्षं मी राहिले त्यांच्याबरोबर. लाव म्हणते ना.”

निखिलने माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याला थांबवेन. मग त्याने स्पीकर चालू करून नंबर लावला. दोन रिंगमध्ये फोन उचलला गेला. मागे कम्प्रेसरचा आवाज होता, मी तो कुठेही ओळखेन.

“हॅलो? हू इज धिस?” निखिल म्हणाला.

पलीकडे कम्प्रेसर बंद झाला. बेटोला स्क्रीनवर तुमचं नाव दिसलं असणार आणि कानात निखिलचा आवाज आला असणार, दारातून परत पाठवणारा. मग तो सावकाश म्हणाला, “राँग नंबर, माय फ्रेंड,” आणि फोन ठेवला.

इतका भला माणूस, काका, आणि त्याने किती वाईट केलं.

मावशीने मान हलवली. “बघितलंस? लपवतोय. नवरा असेल तिचा, नाहीतर भाऊ.” मग ती उठली, तुमचा स्टीलचा चहाचा पेला स्टँडवरून काढला, आणि कुठे ठेवावा ते न कळल्यासारखी तो घेऊन उभी राहिली. “मी त्यांना कधी काही कमी केलं का रे? मला एकदा म्हणाले असते, मीनल, मला कंटाळा येतो. मी ऐकलं असतं.”

मी तिथेच होते, फ्रिजला पाठ टेकून. नेहमीप्रमाणे वाक्य मनात तीनदा म्हणायला लागले. पहिल्यांदा ते इंग्रजीत आलं आणि मी ते इतक्या हळू म्हणाले की दोघांनाही ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा त्यात तुम्ही होतात: काकांनी सांगितलं होतं, काकांनी वचन घेतलं होतं, काकांची इच्छा. तुमच्या मागे लपायला किती जागा होती! मावशीचा अंगठा त्या पेल्याच्या काठावरून फिरत होता, गोल गोल, आणि तिसऱ्यांदा म्हणून बघायला मी थांबले नाही.

“मावशी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, “कुणी बाई नव्हती. मला माहीत आहे, कारण दर शनिवारी मी तिथे होते.”